औत सोडायची वेळ

माझे वडील औत सोडताना सूर्याकडे बघायचे नाहीत, बैलांकडे बघायचे.

आमचं गाव माण तालुक्यातलं, म्हसवडच्या बाजूचं. चैत्रात नांगरट लागली की झुंजूमुंजू व्हायच्या आत ते शेतात असत. आई न्याहरी घेऊन पोचायची तोवर निम्मी पट्टी उलथून झालेली असे. मग ऊन चढू लागे आणि त्यांचं बोलणं कमी होई. बैलाच्या नाकपुड्या कशा हलतायत, लाळेची तार किती लांब लोंबतेय, नांगराच्या ओळीचं तास संपल्यावर वळताना कुठला बैल अर्धं पाऊल मागं राहतोय, एवढंच ते बघत. एकदा अगदी दोन तासं उरली असताना त्यांनी जू उतरवलं. मी लहान होते. म्हटलं, "दादा, एवढं उरकून टाका की. बैल चालतायत अजून." ते म्हणाले, "बैल थांबत नसतो बाय. त्याला चालायचं तेवढंच ठावं. कवा सोडायचं ते आपण बघायचं असतं."

हे वाक्य मी कित्येक वर्षं विसरून गेले होते. ते परत आठवलं, तेव्हा वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि संगम माहुलीच्या अलीकडे एका शेतातल्या हौदात मी माझ्या भाच्याला मानेपर्यंत बुडवून धरलं होतं.

लग्नानंतर मी साताऱ्यात आले. पळायला लागले ते चाळिशीच्या तोंडावर. सातारा हे पहाटे रस्त्यावर येणारं गाव आहे, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. अजिंक्यताऱ्यावर मंगळाईच्या दर्शनाला रोज चढून जाणारी माणसं आहेत, चार भिंतीच्या हुतात्मा स्मारकापर्यंत फिरून येणारी आहेत, शाहू स्टेडियमवर फेऱ्या मारणारी आहेत आणि यवतेश्वरच्या घाटात पळणारी तर पावसाळ्यात रांग लागल्यासारखी दिसतात. सातारा हिल हाफ मॅरेथॉन ह्याच घाटातून वर जाते आणि खाली येते. शर्यत असते पावसाळ्याच्या हवेत, धुक्यात, भुरभुर पावसात. तिची तयारी मात्र बरेच जण एप्रिल-मेपासून धरतात. सगळा घाम उन्हाळ्यात गाळायचा आणि पळायचं गारव्यात.

ह्या सगळ्यांत मला सर्वांत जवळची वाटतात ती भरतीची पोरं. ह्या जिल्ह्याला वर्दीचं वेड जुनं आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली इथं निघाली. अपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, त्या गावाच्या नावामागं 'मिलिटरी' लागलं ते कायमचं. आजही खेड्यापाड्यातली पोरंपोरी साताऱ्यात खोली करून राहतात, पहाटे मैदानावर असतात, दिवसा अभ्यासिकेत आणि संध्याकाळी पुन्हा मैदानावर. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, मग शंभर मीटर, गोळा. एकेका सेकंदावर गुण ठरतात. आई-बापानं शेरडं विकून पाठवलेल्या पैशावर ही पोरं पळतात, त्यामुळं त्यांना थांबा म्हणून सांगणं फार अवघड असतं. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटरच्या चाचणीत काही तरण्याताठ्या पोरांचा जीव गेला. पुढं ते अंतर कमी झालं. जूनचं ऊन आणि पोरांच्या पोटातली आग मात्र आहे तशीच आहे.

माझा भाचा त्यातलाच. भावाचा मुलगा, बावीस वर्षांचा, सडसडीत. माणच्या पोरांना पळण्याचं बाळकडू आहे असं तो मानतो आणि त्याला तसं मानायला जागाही आहे. मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली, तेव्हा आमच्या अख्ख्या तालुक्याला आपलीच लेक पळल्यासारखं झालं होतं. "मोही कुठं, आपलं गाव कुठं, आत्या? हाकेच्या अंतरावर," असं तो मला नेहमी सुनावायचा.

त्या वर्षी तो नोव्हेंबरपासून पुण्यात होता. दिवसभर अभ्यासिका, तीही गार यंत्राची. पळणं आठवड्यातून दोन-तीनदा, रात्री. मेच्या पहिल्या आठवड्यात तो आमच्याकडं राहायला आला, मैदानी चाचणीच्या तयारीला. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, जरा बेतानं घे, ऊन वाढलंय. तो हसला. "माणच्या माणसाला उन्हाचं सांगतीस व्हय आत्या? आमची चामडी त्यातच वाळल्याली."

ह्या बोलण्यात घात होता, आणि तो त्याला दिसत नव्हता तसा मलाही दिसला नाही. ऊन अंगवळणी पडतं हे खरं. रोज थोडं थोडं उन्हात राबलं की शरीर दहा-चौदा दिवसांत बदलतं. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि जास्त सुटतो, घामातून मीठ कमी जातं, त्याच कष्टाला हृदयाचे ठोके कमी पडतात. पण ही कमाई पेटीत ठेवता येत नाही. दोन-चार आठवडे गारव्यात काढले की ती बरीचशी ओसरते. भाच्यानं तर चांगले पाच-सहा महिने काढले होते. गाव माणचं राहिलं होतं, अंग पुण्याच्या अभ्यासिकेचं झालं होतं. दादा असते तर त्यांना हे लगेच कळलं असतं. पावसाळाभर गोठ्यात बांधलेला बैल पहिल्याच दिवशी पूर्ण पाळीला ते कधी जुंपत नसत.

त्या दिवसाबद्दल मी पुष्कळदा विचार केलाय. एकेक गोष्ट सुटी काढून बघितली तर किरकोळ वाटते. आदल्या संध्याकाळी वळीव येऊन गेला होता. चांगला तासभर कोसळला, गाराही पडल्या. रात्री शेजारच्या घरी हळद होती, तिथं भाचा एक-दीडपर्यंत नाचला. सकाळी साडेपाचला निघायचं होतं, निघालो सव्वासातला. चाचणी तोंडावर आल्यानं त्याला वजन कमी करायची घाई होती, म्हणून त्यानं बनियनवर विंडचीटर चढवलं, साखळी गळ्यापर्यंत ओढून. घाम गाळला की चरबी जाते असं त्याच्या मैदानावरची सगळी पोरं मानतात. घाम म्हणजे नुसतं पाणी आणि मीठ, चार ग्लास पाणी प्यायलं की काटा परत तिथंच येतो, हे मी त्याला सांगितलंही होतं. पण मी त्याचं जर्किन काढायला लावलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आम्ही तिघं होतो. मी, भाचा आणि आमच्या गल्लीतले सुभेदार काका. काका फौजेतून निवृत्त झालेले, पासष्टीचे, माझ्याबरोबर रोज संथ चालीनं पळणारे. मोबाइलवर तापमान २९ दाखवत होतं. २९ म्हणजे साताऱ्यात मेमध्ये गारवाच की.

माहुलीच्या रस्त्यानं जाऊन आम्ही एका पाणंदीत वळलो. वाहनं नकोत, माती मऊ आहे, पोराला वेळ लावून पळता येईल, असा विचार. पाणंदीच्या दोन्ही बाजूंनी आडसाली ऊस, डोक्याच्या वर गेलेला. आदल्या रात्रीच्या पावसानं सऱ्या भरलेल्या, त्यावर आता ऊन पडून वाफ निघत होती. पान हलत नव्हतं. आत शिरल्यावर चष्म्याच्या काचांवर धुकं आलं, हे मला स्पष्ट आठवतंय.

पळणाऱ्या माणसाच्या अंगात जेवढी ताकद खर्ची पडते, तिच्यातली पाऊण हिश्शापेक्षा जास्त उष्णता होऊन बसते. पाय हलवायला लागतो तो उरलेला थोडका वाटा. ही उष्णता बाहेर टाकायला उन्हाळ्यात आपल्याकडं एकच भरवशाचा मार्ग, घाम. आणि तोही सुकला तर. एक लिटर घाम अंगावर सुकून उडाला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. टपटप गळून मातीत पडला तर काहीच नेत नाही. माठातलं पाणी गार होतं ते माठ बाहेरून सुकत राहतो म्हणून. पावसाळी हवेत माठ नुसताच ओला दिसतो, पाणी कोमटच. त्या पाणंदीत माझ्या भाच्याचा माठ झाला होता, वरून प्लास्टिकच्या कापडात गुंडाळलेला.

तो १६०० मीटरच्या अंतराच्या फेऱ्या मारत होता. आम्ही दोघं एका बांधावर उभे राहून घड्याळ लावत होतो. दुसरी फेरी पहिलीपेक्षा हळू आली, तेव्हा तो स्वतःवरच चिडला. तिसऱ्या फेरीला मी म्हटलं, बास आता. तो म्हणाला, "शेवटची एक." परत येताना तो कधी उजवीकडं, कधी डावीकडं सरकत होता. मला वाटलं, डबकी चुकवतोय. काका म्हणाले, "पोरगं सरळ पळंना झालंय."

जवळ आला तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद होता आणि घाम वाहत होता. घाम वाहतोय म्हणजे ऊन लागलेलं नाही, अशी माझी समजूत होती. कातडी कोरडी पडते तो उष्माघात, असं आपण ऐकलेलं असतं. घरात पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांत तसं होतं. पळता पळता ज्याला गाठतो, तो पुष्कळदा घामानं निथळत असतो. त्याच्या हातांवर मात्र काटा आला होता. त्या उकाड्यात काटा. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर त्यानं तो झटकला आणि माझ्याकडं परक्या बाईकडं बघावं तसं बघून म्हणाला, "माझा चेस्ट नंबर कुठाय?"

चेस्ट नंबर भरतीच्या दिवशी छातीवर लावतात. त्या पाणंदीत कसला चेस्ट नंबर. मी त्याला काही विचारणार तोच त्याचे गुडघे मोडले आणि तो सरीत आडवा झाला.

पुढचं सगळं काकांनी केलं. मी बाटलीचं टोपण उघडून त्याच्या तोंडात पाणी घालायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. "शुद्धीत नाही तो. श्वासनळीत जाईल." जर्किनची साखळी अडकली होती, ती त्यांनी ओढून फाडली. आणि मग जोरात हाक मारली, "पाणी कुठं हाय रं?" उसाच्या पलीकडून मोटारीचा आवाज येत होता. एक शेतकरी दादा धावत आले. त्यांच्या विहिरीवर जनावरांचा हौद होता, सिमेंटचा, कमरेएवढा. आम्ही तिघांनी त्याला उचलून नेलं. बुटांसकट आत घातलं. काकांनी पाठीमागून काखेत हात घालून डोकं वर धरलं, मी मानेखाली हात दिला. दादांनी मोटारीची पाइप हौदात सोडली, विहिरीचं गार पाणी. त्यांच्या घरच्या ताई बादलीनं त्याच्या डोक्यावर पाणी ओतत राहिल्या. काका म्हणाले, पाणी ढवळत राहा, अंगाजवळचं पाणी लगेच तापतं. मी एका हातानं ढवळत होते. १०८ ला फोन दादांनीच लावला.

मला त्याला उचलून गाडीत घालून दवाखान्यात पळवायचं होतं. मी काकांना तसं ओरडूनही म्हटलं असेन. काका म्हणाले, "आधी गार, मग गाडी." फौजेत त्यांनी दोन जवान असे बघितले होते. एकाला गाडीत घालून नेलं, एकाला पाण्यात घातलं. त्यांनी पुढचं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

काका त्याच्याशी बोलत राहिले. नाव काय. उत्तर नाही. गाव कुठलं. नुसतं पुटपुटणं. मग त्यांनी विचारलं, "म्हसवडवरनं एस्टी साताऱ्याला येते. काय काय लागतं वाटेत? सांग बरं." हा प्रश्न त्यांना कसा सुचला कोण जाणे. लहानपणापासून शंभरदा केलेला प्रवास. बराच वेळ काही नाही. दहा मिनिटं झाली असतील, बारा झाली असतील, मला ती अख्खी सकाळ वाटली. मग त्याच्या ओठातून आलं, "दहिवडी." थोड्या वेळानं, "पुसेगाव." मी हौदात हात घालून उभी होते आणि वाट बघत होते. "कोरेगाव," तो म्हणाला, आणि मला रडू फुटलं.

नंतर तो कुडकुडायला लागला. कुडकुडायला लागला तसं काकांनी त्याला बाहेर काढलं. शुद्धीवर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "आत्या, बूट भिजलं का?"

दवाखान्यात तीन दिवस ठेवलं. रक्त रोज तपासत होते, मूत्रपिंड, यकृत, स्नायूंची झीज. पहिल्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, की अंगाचं तापमान चाळीसच्या वर गेलं आणि डोकं भ्रमलं की तो उष्माघात, आणि मग घड्याळ सुरू होतं. पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड झालं तर माणूस बहुतेक सहीसलामत सुटतो. ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसला असतात तर हा अर्धा तास रस्त्यातच गेला असता. तापाची गोळी द्यायला हवी होती का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. तापात शरीर स्वतःच पारा वर चढवतं, गोळी तिथं चालते. इथं भट्टीच पेटलेली असते, गोळीला करण्यासारखं काही नसतं. हौद नसता तर? म्हणाले, भिजवलेले टॉवेल सगळ्या अंगावर, सतत बदलत, वरून पंखा. काख, मान, जांघा इथं बर्फ. जे हाताशी असेल ते, पण लगेच.

ह्या सगळ्यात माझ्या मनात रुतून बसलं ते चेस्ट नंबरचं वाक्य. उन्हात आधी पाय जातात, मग छाती भरते, मग माणूस थांबतो, असं मी समजत होते. खरं म्हणजे डोकं त्यांच्याही आधी जाऊ शकतं. आणि थांबायचं ठरवणार कोण, तर तेच डोकं. ज्यानं धोका ओळखायचा तोच आधी भ्रमतो. म्हणून "मला काय होत नाही" ह्या वाक्याला उन्हाळ्यात काडीची किंमत द्यायची नाही, असं मी ठरवलंय. माझ्या स्वतःच्या तोंडून आलं तरी. २०१९ साली दोहाला जागतिक स्पर्धेत बायकांची मॅरेथॉन उन्हाच्या भीतीनं मध्यरात्री सुरू केली होती. अडुसष्ट जणी निघाल्या, चाळीस पोचल्या. जगातल्या निवडक धावपटू त्या, हवामान जाणणारी माणसं पाठीशी असलेल्या, आणि रात्रीची वेळ. ऊन डोक्यावर नसलं म्हणजे उष्णता नाही असं नसतं, हे तिथंही दिसलं आणि आमच्या पाणंदीतही.

साताऱ्यात ही चूक सहज होते. सपाटीवर पारा चाळीसच्या पुढं गेल्याखेरीज हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही. आपण बऱ्याचदा त्याच्या अलीकडं असतो, म्हणून बातम्यांत विदर्भ दिसतो आणि आपण निर्धास्त राहतो. पण वळवाच्या दुसऱ्या दिवशीची २९ ही कोरड्या हवेतल्या पस्तिशीपेक्षा वाईट असू शकते. आता मी आकडा बघत नाही, तुळशीजवळच्या दोरीवरचं धुणं बघते. धुणं वाळत नसेल त्या दिवशी घामही वाळणार नाही. त्या दिवशी चालायचं, पळायचं नाही.

वेळेचंही तसंच. मेच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. त्या दिवसांत अजिंक्यताऱ्याची गावाकडची बाजूही सकाळी सावलीत राहत नाही. यवतेश्वरचा घाट चढताना सकाळचं ऊन पाठीवर बसतं आणि कातळ ते साठवून ठेवतो. संध्याकाळी सहाला हवा बरी वाटली तरी डांबराला हात लावून बघा. म्हणून आमची वेळ दिवस उजाडताना, आणि सातच्या आत घरी.

इथं मला बायकांबद्दल बोललंच पाहिजे. पहाटे साडेचारला बाहेर पडा, असा सल्ला सगळे देतात. अंधारात घाटात एकटी बाई कशी जाईल? ती उजाडायची वाट बघते, त्याआधी डबे करते, आणि तिची निघायची वेळ नेमकी उन्हाची होते. भरतीच्या मुलींशी मी बोलते. त्यातल्या कितीतरी जणी मैदानावर यायच्या आधी पाणीच पीत नाहीत, कारण जवळपास जायला जागा नसते. पूर्ण बाह्या, पूर्ण पायजमा, वरून ओढणी, आणि पाणी नाही. ह्या मुलींना 'भरपूर पाणी प्या' सांगणं सोपं आहे. मैदानाला एक स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह करून देणं हे उन्हापासून वाचवण्याचंच काम आहे, असं मला मनापासून वाटतं.

आणि पाण्याचं सांगायचं तर, मी त्या प्रसंगानंतर दुसऱ्या टोकाला गेले होते. भाच्याला तासातासाला तांब्या पुढं करायचे. डॉक्टरांनी त्यालाही आवर घातला. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, त्यातही डोकं दुखतं, उलट्या होतात, झटके येऊन माणूस दगावू शकतो. तहानेला मान द्यायचा. आता आमच्याकडं साधा हिशेब आहे. पळायच्या आधी आणि नंतर काट्यावर उभं राहायचं. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर गेलं, ते दिवसभरात जेवणखाणाबरोबर सावकाश भरायचं. वजन वाढलेलं दिसलं तर जास्त प्यायलो. सकाळची लघवी गडद पिवळी असली तर कालचं देणं बाकी आहे. घरी लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं, काटेकोर मोजून. नाहीतर ताक, मीठ-जिरं घातलेलं. ज्वारीची आंबील तर आमच्या माणची आहेच. आजी डोक्यावरच्या पटक्यात कांदा ठेवायला सांगायची. कांद्यानं काही होत नाही, पण पटका ओला करून बांधलात तर पुष्कळ होतं.

भाचा दोन महिने पळला नाही. मग वीस मिनिटं चालणं, मग चालणं-पळणं, रक्ताच्या तपासण्या निर्मळ आल्यावर. ह्या वर्षी तो फेब्रुवारीतच पुण्याहून आला आणि उन्हाबरोबर हळूहळू वाढत गेला. मैदानावरच्या पोरांनी वर्गणी काढून एक मोठं प्लास्टिकचं टब घेतलंय. पळायच्या आधी ते पाण्यानं भरून ठेवतात. चैत्रात आपण पाणपोई घालतोच, तशी ही एक. बर्फाची लादी एक चहावाले काका देतात, पैसे घेत नाहीत. जर्किन घालून आलेल्या पोराला हाच भाचा आता परत पाठवतो.

आणि एकट्यानं कुणी पळायचं नाही, हा आमच्या घरचा नियम झालाय. दर पंधरा-वीस मिनिटांनी जोडीदारानं विचारायचं, म्हसवडवरनं काय काय लागतं?

गेल्या एप्रिलमध्ये यवतेश्वरच्या घाटात आम्ही दोघं होतो. काका खाली बोगद्याजवळ थांबले होते, त्यांचा गुडघा दुखत होता. निघायला उशीर झाला होता, साडेसात होऊन गेले होते. मला त्या दिवशी सांबरवाडीच्या वळणापर्यंत न थांबता जायचं होतं. महिनाभर मी त्या वळणाच्या मागं लागले होते आणि ते आता समोर दिसत होतं, शे-दीडशे पावलांवर. भाचा शेजारी आला.

"आत्या, म्हसवडवरनं?"

"आता नको रे, आलंच बघ वळण."

"म्हसवडवरनं, आत्या."

मला राग आला. मी तोडून टाकल्यासारखं म्हटलं, "म्हसवड, दहिवडी, कोरेगाव, सातारा. झालं?"

तो चार पावलं तसाच माझ्याबरोबर आला. मग माझ्या पुढं येऊन उभा राहिला, वाट अडवून.

"पुसेगाव कुठं गेलं?"

मला मी चुकले असं वाटलंच नव्हतं. मी त्याच्याशी भांडायला तोंड उघडलं आणि त्याच्याकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत होता, चेहऱ्याकडं नव्हे, पायांकडं, श्वासाकडं, हातांकडं. तसं बघणारा माणूस मी पूर्वी एकच बघितला होता.

"सोड औत," तो म्हणाला.

कडेच्या झाडाच्या तुटपुंज्या सावलीत मी कठड्यावर बसले. त्यानं गळ्यातला पंचा बाटलीतल्या पाण्यानं भिजवून माझ्या मानेवर टाकला. मग आम्ही घाट चालत उतरलो.